आपल्या नद्यांवरील नावा आणि नावाडी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला ‘आपल्या समाजाची थोर परंपरा’ या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांच्यापाशी एक सवलत मागून घेतली. गुहकाने प्रभु रामचंद्रांस गंगेपार नेले, सत्यवती यमुनेवर नाव वल्हवीत असे, या कथा आपण या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकतो आणि पुढेही ऐकू. त्यांविषयी मला आदरच आहे. परंतु माझ्या आजोबांची नाव कशी होती, ती पुरात कशी घालीत, तिच्यात किती माणसे घेत, हे सांगू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. गुहकाची कथा कोणी विसरणार नाही. आजोबांची विद्या मात्र आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे. म्हणून मी आज कोल्हापूर आणि शिरोळकडच्या नद्यांवरील नावांविषयीच बोलणार आहे. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक प्राथमिक शिक्षक. संशोधक नव्हे. घरी जे पाहिले आणि नदीकाठच्या शाळांतून नोकरी करताना जे वेचले, तेच आपणापुढे मांडतो.

मास्तरकीची खोड म्हणून आरंभ शब्दांपासून करतो. ‘नाव’ हा शब्द वर्गात घेतला म्हणजे मी मुलांना विचारीत असे, याचे अनेकवचन काय? निम्मी मुले ‘नावे’ म्हणत, निम्मी ‘नावा’. दोन्ही बरोबर, एक नपुंसकलिंगी, माणसाचे, दुसरे स्त्रीलिंगी, पाण्यावरचे. नदीकाठच्या गावांतील मुलेदेखील पुढे पुढे ‘नावा’ म्हणेनाशी झाली, हे मी तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले. दुसरा शब्द ‘उतारू’. आगगाडीच्या आणि मोटारीच्या प्रवाशास आपण उतारू म्हणतो, पण शब्द नदीचा आहे. जेथून नदी ओलांडता येते तो उतार, आणि तेथून पार जाणारा तो उतारू. तिसरा शब्द ‘सांगड’. दोन गोष्टींची सांगड घालावी असे पुढारी भाषणात म्हणतात. सांगड म्हणजे दोन नावा किंवा दोन ओंडके एकमेकांस जखडून केलेला तराफा. त्यावर फळ्या टाकल्या की बैलगाडी जोखडासह पार नेता येई. मराठी भाषेने आपल्या धंद्यातून किती शब्द उसने नेले आणि परत केले नाहीत, याचा हिशेब कोणी तरी मांडावयास हवा.

आता आपला मुलूख पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. ती कोल्हापुरास वळसा घालून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. वारणा त्याआधीच हरिपुरापाशी कृष्णेत आलेली असते. शिरोळ तालुका म्हणजे एका अर्थी नद्यांनी विणलेली चटईच. या नद्यांच्या काठाने चालत गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की गावे जोडीने वसली आहेत. वाडीसमोर एकीकडे कुरुंदवाड आणि दुसरीकडे औरवाड, हरिपुरासमोर कोथळी, सांगलीसमोर सांगलीवाडी, खिद्रापुरासमोर आता कर्नाटकात गेलेले जुगूळ. समोरासमोर दोन गावे असली की मध्ये उतार असणारच. १८०३ साली असईच्या लढाईपूर्वी इंग्रज सेनापती वेलस्ली यास केळणा नदी कोठून ओलांडावी हे कोणी सांगेना. दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच त्याने तर्क केला की येथे उतार असला पाहिजे, आणि तो खरा ठरला. हेच तो आपल्यापैकी कोणा पोराला विचारता, तर त्याला तर्क करण्याचेही श्रम पडले नसते.

आपल्या नद्यांवर नाव एकाच प्रकारची नव्हती. मोठी लाकडी नाव ही गावाची. रुंद, सपाट बुडाची, उन्हाळ्यात उथळ पाण्यातूनही जाणारी. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठासून वरून डांबर किंवा राळ-तेलाचा लेप देत. दरवर्षी पावसापूर्वी नाव काठावर पालथी घालून हे काम होई आणि घरातील बायकापोरांसुद्धा सर्वांचे हात काळे होत. होडी त्याहून लहान व अरुंद. मासेमारीची आणि निकडीची. सांगलीला कृष्णेत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात, त्या आपल्यातील पुष्कळांनी पाहिल्या असतील. ती ईर्षा पाहण्यासारखी असते. परंतु शर्यतीची होडी आणि उतारू वाहणारी नाव यांत तालमीतला घोडा आणि नांगराचा बैल इतके अंतर आहे. शिवाय पोहणे शिकण्यासाठी वाळलेले भोपळे होतेच. पाठीला भोपळा न बांधता नदीत उतरलेले मूल आमच्या आळीत नसे.

आणि चौथी आपल्या कोल्हापूरची खास, ती म्हणजे काहील. गुऱ्हाळात ज्या लोखंडी कढईत उसाचा रस आटवितात तीच ही. सात-आठ फूट व्यास आणि हातदीड हात खोली. गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि पावसाळ्यापूर्वी विझतात. म्हणजे चुलवाणावरून काहील उतरून रिकामी पडते, नेमका तेव्हाच नदीला पूर येतो. गुऱ्हाळवाल्याला पावसाळ्यात तिचा उपयोग नाही आणि पूर आलेल्या गावाला तिच्यावाचून इलाज नाही. या सोयीतून काहिलीची नाव झाली. तिच्यातून दुधाच्या किटल्या गेल्या, वैरणीचे भारे गेले, अडलेली बाळंतीण गेली, आणि नवरानवरी मुंडावळ्यांसकट गेल्याचेही मी पाहिले आहे.

ही गोल नाव केवळ आपलीच नव्हे. विजयनगरात कृष्णदेवरायाच्या काळी, १५२० च्या सुमारास आलेला दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी लिहून गेला आहे की, तेथील लोक वेताच्या टोपल्यांना बाहेरून कातडे चढवून त्यांतून नदी ओलांडतात, पंधरा-वीस माणसे त्यांत बसतात, आणि त्या सरळ न जाता सतत गरगर फिरतात. तुंगभद्रेवर कानडी लोक हिला हरिगोल म्हणतात. त्याहीपूर्वी, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने बाबिलोनकडील अशाच गोल कातडी नावांचे वर्णन केले आहे. ते लोक नावेत मालाबरोबर एक गाढव घेत. प्रवाहाबरोबर शहरास पोचल्यावर नावेचा सांगाडा विकून टाकीत आणि कातडे गाढवावर लादून पायी घरी परतत. कारण धारेविरुद्ध ती नाव चालणे शक्य नव्हते. काहिलीत बसलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल, पण आश्चर्य वाटणार नाही. गोल वस्तूला नाळ नाही, म्हणून ती दिशा धरीत नाही. आपल्याकडे पट्टीचे दोन-तीन पोहणारे तिला बाहेरून धरून ढकलीत नेत, ते एवढ्यासाठीच. आणि एक भेद विसरू नये. लाकडी नाव पाण्याने भरली तरी लाकूड तरंगते, माणसाला धरावयास काही उरते. काहील लोखंडाची. काठावरून पाणी आत आले की ती सरळ तळ गाठते.

आता नाव घालण्याच्या विद्येविषयी. ज्यांनी कधी वल्हे धरले नाही त्यांना वाटते की या काठावरून समोरच्या काठाकडे तोंड करावे आणि वल्हवीत सुटावे. तसे केले तर पुरात नाव पैलतीराच्या घाटाला कधीच लागणार नाही; धार तिला ओढून मैलभर खाली नेईल. म्हणून प्रथम आपल्याच काठाने, जेथे पाणी संथ असते तेथून, दोर लावून नाव वर ओढीत न्यावयाची. किती वर, हे धारेवर ठरे. मग नाळ किंचित वरच्या अंगाला धरून तिरपे सुटावयाचे, म्हणजे वाहत वाहत नाव बरोबर समोरच्या घाटाला लागते. परतताना पुन्हा तीच मेहनत. पुराच्या दिवसांत एका खेपेला वल्हवणे थोडे आणि ओढणे फार, असे आजोबा म्हणत. त्यांच्या तळहाताला घट्टे होते ते वल्ह्यापेक्षा दोराचे अधिक.

किती माणसे घ्यावयाची याला आजोबांचे माप माणसांच्या संख्येचे नव्हते. नावेचा काठ पाण्यावर किती उरला ते ते हाताने मोजीत. उन्हाळ्यात एक वीत काठ उरला पाहिजे. पुरात एक हात. तेवढा उरला की पुढचा माणूस पाटील असो की सावकार, त्याला पुढच्या खेपेस यावे लागे. नावेत उभे राहण्यास मनाई, मधेच जागा बदलण्यास मनाई. जनावर नावेत न घेता दाव्याने धरून बाजूने पोहवीत आणावयाचे, कारण बुजलेले एक रेडकू सगळी नाव पालथी घालते. या नियमांबद्दल लोक त्यांना तिरसट म्हणत.

पाणी वाचण्याची विद्या तर निराळीच. पाणी चढत असते तेव्हा केरकचरा, काटक्या, ओंडके काठाकडे ढकलले जातात; ओसरू लागले की तेच मधल्या धारेत गोळा होतात. खांबावर खूण करून पाहण्यापूर्वीच नावाडी यावरून ओळखी की पूर वाढणार की उतरणार. पाण्याला पहिला लाल रंग आला की कोणत्या बाजूच्या ओढ्याचे पाणी आले, भोवरा कोणत्या डोहावर पडतो, कोणती विहीर आणि कोणते बाभळीचे झाड पाण्याखाली गेले आहे, हे सारे त्याच्या डोक्यात असे. कागदावर मात्र एक अक्षर नाही.

या कामाचे मोल काय मिळे? गावकऱ्यांकडून सुगीला बैते. प्रत्येक घरचे ठरलेले धान्य. परगावच्या उतारूकडून रोख पैसा. पुढे उतारांचे लिलाव होऊ लागले, तेव्हा ठेका एकाचा आणि वल्हे दुसऱ्याचे अशीही स्थिती आली. बैते मिळाले तरी ते मागावे लागे, आणि मागताना मान खाली घालावी लागे. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या तरुण लेखकांना माझी विनंती आहे की हेही लिहा. आणि आणखी एक गोष्ट लिहा, जी लिहावयास आपणास संकोच वाटेल. नदी सर्वांना सारखी, असे आपण म्हणतो. पण ज्यांना गाव अस्पृश्य म्हणे त्यांना आपल्याच नावेत शेवटच्या खेपेला घेत आणि निराळे बसवीत, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकलेले आहे. परंपरा लिहावयाची तर सबंध लिहिली पाहिजे.

आता ही विद्या गेली कशी ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी की पुलांनी नावाड्याचे पोट मारले. कोल्हापूरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकात झाला, मिरज-कोल्हापूर आगगाडी १८९१ मध्ये सुरू झाली, सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला. आणि स्वातंत्र्यानंतर तर गावोगाव पूल झाले. ते झाले हे उत्तमच झाले. अडलेल्या बाळंतिणीला काहिलीत बसविण्यात कसलीही थोरवी नाही. परंतु माझ्या मते आपल्या धंद्यावर खरा घाव पुलाने घातलेला नाही. तो घातला बंधाऱ्याने, आणि तोही कोणाच्या ध्यानीमनी नसताना. आपल्याकडील ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ सर्वत्र प्रसिद्ध आहेत. पावसाळा संपला की खांबांत फळ्या घालून पाणी अडवावयाचे, पावसाळ्यापूर्वी फळ्या काढून नदी मोकळी करावयाची. यावर आपली ऊसशेती उभी आहे. माझे स्वतःचे वीस गुंठे त्याच पाण्यावर भिजतात. पण त्याच बंधाऱ्यावरून माणसे, सायकली आणि पुढे फटफट्या आठ महिने ये-जा करू लागल्या. म्हणजे शांत पाण्याचे, बिनधोक्याचे, चार पैसे मिळण्याचे आठ महिने नावाड्याच्या हातून गेले. बंधारा पाण्याखाली जातो ते चार महिने तेवढे त्याच्या वाट्यास राहिले, आणि ते जिवावरचे. आठ महिन्यांची भाकरी काढून घेऊन चार महिन्यांचे धाडस मागितले, तर कोणता शहाणा बाप मुलाच्या हाती वल्हे देईल? आमच्या वडिलांनी दिले नाही. त्यांनी मला शाळेत घातले.

याबद्दल मला खेद नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो आपल्यासारख्यांच्या पोरांनी नुसते घाट न राखता अक्षर गिरवावे म्हणूनच. वल्हे सोडले यात वावगे काही नाही. वल्ह्याबरोबर वल्ह्याचे ज्ञानही सोडले, ही माझी तक्रार आहे. लोहाराचा मुलगा कारखान्यात गेला तरी लोखंड सगळीकडे आहे. आपला मुलगा नदीपासून दूर गेला, पण नदी गावातच राहिली.

ती राहिली आहे याची आठवण तिने आपल्याला २००५, २०१९ आणि २०२१ साली करून दिली. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. चिखली, आंबेवाडी जलमय झाली, शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे वेढली गेली, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. सैन्याचे, नौदलाचे आणि आपत्ती दलाचे जवान रबरी बोटी घेऊन आले व त्यांनी हजारो माणसे काढली. त्यांचे ऋण फिटणारे नाही. पण या परक्या जवानांना आपल्या उसाच्या फडावरून बोट नेताना खाली विहीर कोठे, विजेच्या तारा कोठे, ओढ्याची धार कोठून शिरते, हे सांगणारा कोणी बोटीत हवाच होता. ज्या गावांत एखादा म्हातारा नावाडी शिल्लक होता तेथे तो नाळेवर जाऊन बसला. ज्या गावांत नव्हता तेथे काय?

त्याच महिन्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून डझनाहून अधिक माणसे, त्यांत बायका आणि लहान मुले, बुडाली. क्षमतेहून अधिक माणसे बोटीत होती असे सर्व वृत्तपत्रांनी लिहिले. मी त्यात कोणास दोष देणार नाही. दारात पाणी चढत असता, पोर कडेवर घेऊन आई उभी असता, ‘पुढच्या खेपेस या’ असे म्हणणे फार कठीण आहे. ते म्हणण्यास अधिकार लागतो, आणि तो अधिकार माणसे पिढ्यान्‌पिढ्या एखाद्याच्या शब्दाला मान देत आली म्हणजे येतो. आजोबांचे ‘एक हात काठ’ हे माप त्या दिवशी तेथे कोणाच्या तोंडी असते तर, हा विचार त्यानंतर कित्येक रात्री माझ्या मनातून गेला नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द. जुनी विद्या जशीच्या तशी पुरेल असे मी म्हणत नाही. आजोबांच्या वेळी नदी पावसावर चढे. आज राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावती चढते, कोयनेतून किती पाणी सोडले आणि तिकडे अलमट्टीत किती साठले यावर कृष्णाकाठचे लोक कान लावून असतात. तेव्हा नवा नावाडी पाण्याचा रंग वाचणारा हवा आणि पाटबंधारे खात्याचे आकडेही वाचणारा हवा. यंत्राची बोट चालविणारा हवा आणि पंख्यात फांदी अडकून यंत्र बंद पडले तर वल्ह्यावर बोट सावरणारा हवा. आपली मुले शिकलेली आहेत. हे दोन्ही त्यांना जमेल. २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहतुकीच्या नव्या कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हावी अशी तरतूद आहे. नोंद नावेची होईल. नाव घालणाऱ्याची कोण करणार?

ते काम मंडळाने करावे अशी माझी सूचना आहे. तीन गोष्टी सुचवितो, आणि त्यांना पैसा फारसा लागत नाही. पहिली ही की आपल्या ज्ञातीतील सत्तरीच्या पुढचे जे कोणी नावाडी हयात आहेत त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या गावच्या नदीची माहिती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. डोह कोठे, भोवरे कोठे, उतार कोठे, पुरात नाव कोठून सोडावी, कोठे कधीही सोडू नये. सीमेपलीकडच्या कृष्णाकाठचे अंबी बांधव यांनाही विचारावे. कानडीत अंबिग म्हणजे नावाडीच. बाराव्या शतकातील वचनकार अंबिगर चौडय्या त्यांच्यातलाच. दुसरी, दर उन्हाळ्याच्या सुटीत मंडळाने आपल्या मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, पोहण्याचा आणि वल्हवण्याचा पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा. शहरातल्या मुलांनी तलावात शिकावे. पण निदान दोन दिवस त्यांना वाहत्या पाण्यात न्यावे, कारण तलावात धार नसते. तिसरी, ज्या ग्रामपंचायतींना पुरासाठी बोटी मिळाल्या आहेत त्यांना मंडळाच्या नावे पत्र पाठवून, बोटीवर बसणारी माणसे शिकवून तयार करण्याची जबाबदारी आपण अंगावर घ्यावी. त्याच पत्रात अशीही विनंती असावी की प्रत्येक बोटीच्या बाहेरच्या अंगाला एक हात माप सोडून पांढरा पट्टा ओढावा. पट्टा पाण्याला लागला की बोट सुटणार नाही. वाद घालावयास कोणी उरणार नाही, पट्टा बोलेल.

माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी पहिले काम अंगावर घेण्याचे मान्य केले आहे. त्यांच्यापाशी एक वही आहे आणि ते सभागृहाच्या दाराजवळ बसले आहेत. आपल्या घरी, सासरी, आजोळी कोणी जुने नावाडी असतील तर त्यांचे नाव आणि गाव जेवणाला जाण्यापूर्वी त्या वहीत लिहावे. ज्यांच्या माळ्यावर जुने वल्हे, दोर किंवा नावेची एखादी फळी पडून असेल त्यांनी ती जळणात घालण्यापूर्वी आम्हांस कळवावे; न्यावयास आम्ही स्वतः येऊ.